चाखलाय

उत्तरायण होऊन गेलं होतं. तरी खंडेराव मार्केटच्या तारांवर फाटक्या पतंगांची शेपटं अजून लोंबकळत होती, आणि त्यांच्याखाली भाजीवालीच्या ढिगात एकाच दुधीवर दोन हात पडले होते.

“मी आधी धरला,” यशश्री म्हणाली.

“धरला तुम्ही. पण डोळा माझा आधीपासून होता,” तो म्हणाला, आणि हात काही उचलला नाही.

त्या गुजराती बाजारात मराठीला मराठी उत्तर आलं म्हणून तिने मान वर केली. उंच, किंचित वाकलेला, चष्म्यावर धूळ, आणि चेहऱ्यावर अगदी गरीब भाव. गरीब भावांची माणसंच जास्त हट्टी असतात, हे यशश्रीला वडिलांवरून ठाऊक होतं. तिने दुधी सोडून दिला. तर त्या गृहस्थाने खिशातून छोटी सुरी काढली, देठाकडची एक चकती कापली आणि भर बाजारात कच्ची तोंडात टाकून शांतपणे चावायला लागला.

“आ भाई तो कायम आवुं ज करे छे, बेन,” हे नेहमीचंच आहे, अशी भाजीवालीने तिची समजूत घातली.

“गोड आहे. घ्या तुम्हीच,” म्हणत त्याने दुधी तिच्या पिशवीत ठेवला. मग, तिने विचारलं नव्हतं तरी, सांगून टाकलं. वरून सगळे दुधी सारखेच दिसतात. लाखात एखादा कडू निघतो, आणि तो कडूपणा साधा नसतो, विषारी असतो. त्याचा रस पोटात गेला तर माणूस हातचा जातो. म्हणून चकती चाखायची, आणि जराशी जरी कडू लागली तरी थुंकून अख्खा दुधी फेकून द्यायचा.

“रोज कुणासाठी एवढा जीव धोक्यात घालता?”

“आईसाठी. तिला साखर आहे. तुम्ही?”

“बाबांसाठी. त्यांना हृदय आहे,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसली. तोही हसला. हसताना तो अजिबात गरीब दिसत नव्हता.

“नाव काय तुमचं?”

“दिग्विजय.”

“नाव दिग्विजय… आणि स्वारी दुधीवर,” यशश्री म्हणाली आणि मागे वळून न बघता चालू लागली. लहरीपुऱ्याच्या दरवाजाशी मात्र तिने एकदा बघितलंच. तो तिथेच उभा होता, हातात सुरी, आणि दुधी घ्यायचं विसरून गेलेला.

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये यशश्री आणि तिचे वडील लक्ष्मीकांत, अशी दोनच माणसं. ते रिफायनरीतून निवृत्त झालेले, ती शाळेत भूगोल शिकवायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांच्या हृदयात दोन स्टेंट बसले, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या दिवसापासून यशश्रीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तूप गेलं, दूध गेलं, तळण गेलं. त्यांच्या जागी नाचणीची आंबील आली, मुगाची धिरडी आली, शेंगदाण्याच्या दुधातली खीर आली. लक्ष्मीकांतांचा जीव सेव-उसळीत अडकलेला, म्हणून ती घरीच मोड आणून उसळ करायची आणि वर बेसनाची शेव तळण्याऐवजी भाजून घालायची. ते मुकाट्याने खायचे आणि म्हणायचे, “छान झालीय.” त्यांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. पण लेक ती लेकच, तिच्याशी चोरी करता येते. तिने केलेला दुधीचा रस ते गुपचूप तुळशीत ओतायचे. तुळस पिवळी पडली तेव्हा ते उघडकीला आलं.

हे सगळं तिने पुढच्या रविवारी दिग्विजयला सांगितलं. रविवार कसे कोण जाणे, दोघांचे एकाच भाजीवालीकडे यायला लागले होते.

“मी पाठवतो,” तो म्हणाला. “मकरपुऱ्याला कामावर जाताना तुमच्याच दारावरून जातो मी. परक्याने पाठवलेलं त्यांना ओतवणार नाही.”

तसंच झालं. रोज सकाळी फ्लॅटच्या कडीला एक स्टीलची बाटली अडकलेली असायची. दुधी, पुदिना, आलं, अधूनमधून कारलं आणि गुळवेल. कारल्याच्या दिवशी लक्ष्मीकांतांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं, पण एका घोटात संपवायचे. त्या मुलाने एवढं दांडिया बाजारातल्या आपल्या घरून आणून द्यायचं आणि आपण टाकायचं, हे त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. कडू आहे म्हणजे गुण येणार, असंही ते म्हणायचे. आणि बाटली अडकवली की यशश्रीच्या फोनवर एकच शब्द यायचा — “चाखलाय.”

पहिल्यांदा तो शब्द नुसता निरोप होता. उन्हाळ्यापर्यंत त्याचं काहीतरी दुसरंच होऊन बसलं. तो आला नाही तर यशश्रीला शाळेत पाऊस आणि वारे शिकवता येईनात. ती त्याला रिकाम्या बाटलीबरोबर काही ना काही परत पाठवायला लागली, राजगिऱ्याचे लाडू, ओव्याच्या पानांची भजी, तीही वाफवलेली. त्यावर तो लिहायचा की वाफवलेल्या भज्याला भजं म्हणणं हा भज्याचा अपमान आहे, उद्या आणखी पाठव. ‘तुम्ही’चं ‘तू’ नेमकं कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

श्रावण लागायच्या आधी एका संध्याकाळी दोघं सुरसागर तलावाच्या काठावर उभे होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि रेलिंगवरचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. ते त्याने रुमालाने पुसलं… आणि रुमाल खिशात घालायचं विसरला.

“बाबांशी बोलायला येऊ?” त्याने विचारलं.

“एवढ्या सहज?” ती म्हणाली. “चांगला नवरा मिळावा म्हणून मुलींनीच सोमवार करायचे का? तू करून दाखव एक. कडक. संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही.”

“आणि सोडायचा कुठे?”

“माझ्या हातचं खाऊन… आमच्या घरी. आईंना घेऊन ये.”

“ठरलं,” तो म्हणाला. देवधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस, पण त्याने ते हसण्यावारी नेलं नाही.

श्रावणातला पहिला सोमवार. बाटली नेहमीसारखी कडीला होती. यशश्रीने ती आत आणून ओट्यावर ठेवली आणि घाईने शाळेला गेली. शिक्षकांच्या खोलीत फोन बघितला, तर आज तो एक शब्द नव्हता. “पहाटेपासून तोंडात थेंबही नाही. संध्याकाळी तुझ्या हातचं खाईन तेव्हाच,” असं लिहिलं होतं. ती वाचून लाजली. शेजारच्या शिक्षिकेने कारण विचारलं तेव्हा आणखी लाजली. संध्याकाळी अळूची पातळ भाजी करावी की वालाची उसळ, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता.

मधल्या सुट्टीत शेजाऱ्यांचा फोन आला. लक्ष्मीकांतांना उलट्या होत होत्या, आणि उलट्यांत रक्त होतं.

इस्पितळात ती पोचली तेव्हा ते पांढरेफटक पडलेले, पण शुद्धीत होते. दिग्विजय तिच्या पाठोपाठ कामावरून धावत आला आणि औषधं आणायला खाली गेला. तेवढ्यात त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं.

“आज रस फार कडू होता गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, कारलं जास्त पडलंय. ओतवेना… आज संध्याकाळी येणार ना तो.”

कडू दुधी थुंकायचा असतो, हे यशश्रीने वडिलांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज काय होती? दिग्विजय चाखत होता. रोज चाखत होता. आणि आज त्याच्या तोंडात थेंबही नव्हता, कारण तिने तसं मागितलं होतं.

“त्याला सांगू नकोस,” लक्ष्मीकांत म्हणाले. रसानेच घात केलाय, हे त्यांनी लेकीच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. “पोरगा मोडून पडेल. मला पसंत आहे तो. तुमचं होऊ दे.”

डॉक्टरांना तिने लगेच खरं काय ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या विषावर उतारा नसतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे रक्त थांबत नव्हतं. बाहेर येऊन तिने दिग्विजयला सांगितलं की पोटात अल्सर होता, तो फुटला. त्याने तिचा हात धरून ठेवला. त्याचे ओठ सुकले होते. सोमवार त्याने सोडलाच नव्हता. आपण पाणी प्यायलेलो नाही हे त्याच्या गावीही नव्हतं. तिनेच त्याला पाण्याचा पेला दिला, आणि तो पीत असताना तिला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे लक्ष्मीकांत गेले.

घरी आल्यावर तिने ओट्यावरची बाटली उघडली. तळाशी राहिलेला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि बेसिनवर ओणवी झाली. किती तरी वेळ चुळा भरल्या, तरी तो कडूपणा जाईना. कारलं तसं लागत नाही. लहान मुलालाही कळलं असतं. आणि तिच्या सज्जन बापाने तो पेलाभर प्यायला होता, भावी जावयाला वाईट वाटू नये म्हणून.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. दिग्विजय रोज यायचा. पाहुण्यांना चहा द्यायचा, त्याच्या आईच्या, अहल्याबाईंच्या हातचा डबा ठेवून जायचा. तो खोलीत आला की तिचा जीव त्याच्याकडे धावायचा, आणि पुढच्याच क्षणी जिभेवर ती चव उठायची. लग्न केलं तर जन्मभर हे पोटात ठेवायचं. एखाद्या भांडणात, एखाद्या तापात, एखाद्या श्रावणात ते तोंडून निघणार. आणि निघालं की हा माणूस संपला. तिने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. कुठूनही वाट नव्हती.

तेराव्यानंतर तो आला तेव्हा बाहेर श्रावणाचं ऊन-पाऊस चाललं होतं. त्याच्या हातात बाटली होती. “तू काही खात नाहीस. एवढं तरी घे,” तो म्हणाला. “चाखलाय.”

यशश्रीने बाटलीला हात लावला नाही.

“आपलं लग्न नाही होणार, दिग्विजय,” ती म्हणाली. “बाबांना पसंत नव्हतं. जाताना म्हणाले.”

त्याने बाटलीचं झाकण उगाच आणखी घट्ट केलं. मग हळूच म्हणाला, “मग माझा रस रोज का प्यायचे ते?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून.”

सगळ्या बोलण्यात एवढं एकच खरं होतं, आणि नेमकं तेच म्हणताना तिचा आवाज फाटला.

त्याने वाद घातला नाही. चपला घातल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला. यशश्री दारात उभी होती. त्याला असाच जाऊ द्यायचा होता तिला, काही न कळता, स्वच्छ. पण दांडिया बाजारात अहल्याबाई रोज सकाळी पेला घेऊन बसत होत्या, आणि श्रावण अजून संपला नव्हता. ती गप्प राहिली असती तर तो बचावला असता. त्याची आई कदाचित बचावली नसती.

“एक ऐक,” ती म्हणाली. “आईंना रस देशील तेव्हा चाखत जा. उपास असला तरी.”

तो थांबला. कठड्यावरचा हात तिथेच राहिला. त्या हातापासून चेहऱ्यापर्यंत काय काय चढत गेलं ते तिने पाहिलं, आणि आपण काय केलं ते तिला कळलं.

“त्या दिवशी आईचा दुधी वेगळा होता,” तो स्वतःशीच म्हणाला. मग वर बघून, “यशू… त्या सोमवारी मी…”

“अल्सर होता,” ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. ती उतरून त्याच्याशेजारी बसली. दोघांच्या मध्ये ती बाटली होती. रडायचं दोघांनाही सुचलं नाही. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ती शेवटी सुरू होऊन गेली, तरी दोघं तशीच बसून होती.

“पसंत होतो ना मी त्यांना?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली. हो म्हणून.

“अल्सरच होता,” तो म्हणाला. त्याने ते तिच्यासाठी म्हटलं की लक्ष्मीकांतांसाठी, कोण जाणे. मग तो उठला, बाटली उचलली, आणि तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवून गेला. त्याला थांबवावं असं तिला इतकं वाटलं की कठडा घट्ट धरून बसावं लागलं. तो पुन्हा आला नाही. तिनेही बोलावलं नाही. ते दार उघडलं असतं तर प्रत्येक जेवणाला लक्ष्मीकांतांचं ताट मध्ये आलं असतं, हे दोघांनाही कळत होतं.

कडीला आता बाटली नसते. यशश्री एकटीपुरती आंबील करते, अर्धी उरते. तुळस मात्र पुन्हा हिरवी झाली आहे.

रोज सकाळी फोन वाजतो आणि एकच शब्द येतो — “चाखलाय.” सोमवारीही येतो. यशश्री उत्तर देत नाही. पण तो शब्द आल्याशिवाय ती चहासुद्धा ठेवत नाही.