शांततेची तुलना

ध्वनिरोधक खोलीतल्या टेबलावर चार हेडफोन मांडलेले होते. त्यांतले दोन प्रभंजन ठवकरने घरून मऊ फडक्यात गुंडाळून आणले होते. एक उघड्या पाठीचा, पातळ पडद्याचा. दुसरा जुना, बंद घडणीचा, ज्याची गादी त्याने दोनदा बदलली होती. उरलेले दोन डॉ. वैदेही खानझोडेचे. ती नागपूरच्या एका श्रवणविज्ञान संस्थेत संशोधक होती आणि ही खोली तिच्या ताब्यात होती.

प्रभंजनचे धरमपेठेत चष्म्याचे दुकान होते. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत तो विचारायचा, "हे बरं, की हे?" रविवारी तोच प्रश्न तो आणि वैदेही हेडफोनबद्दल एकमेकांना विचारत. एका प्रदर्शनात एकाच हेडफोनसाठी रांगेत उभे असताना दोघांची ओळख झाली, त्याला आता बरीच वर्षे झाली होती. तिला तबल्याच्या थापेतला भरीवपणा हवा असे, त्याला दोन स्वरांमधली जागा. "पार्श्वभूमी काळीकुट्ट पाहिजे," तो म्हणे. "सूर थांबला की मागे काही म्हणजे काही उरता कामा नये." वाद रंगायचा आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडायचा. तुला जे ऐकू येते ते मला कसे कळणार?

वैदेहीचे 'कर्णांतर' यंत्र या अडलेल्या वादातूनच जन्माला आले होते. बंगळुरूची एक कंपनी ते बाजारात आणणार होती, आणि पहिले जाहीर प्रात्यक्षिक हिवाळ्यात ठरले होते. त्याआधी प्रभंजनने ते वापरून पाहावे, असे तिला वाटत होते.

तिने त्याला कपाळावर बसणारी पट्टी दाखवली. कानात शिरलेला आवाज मेंदूकडे जातो तो मज्जातंतूंतल्या स्पंदनांच्या रूपाने, ती सांगत होती. ही पट्टी ती स्पंदने टिपते. टिपलेल्या नोंदीला तिने श्रवणमुद्रा असे नाव दिले होते. ती श्रवणमुद्रा याच पट्टीतून दुसऱ्याला ऐकवली, की त्याला पहिल्याच्या कानाने ऐकू येते.

"पण माझी स्वतःची स्पंदनं असतीलच की," प्रभंजन म्हणाला. "ती मध्ये येणार नाहीत?"

"यंत्र ती आधी वजा करतं आणि मग दुसऱ्याची घालतं. पाटी पुसून त्यावर लिहावं तसं."

आतापर्यंत यंत्रावर फक्त वैदेहीची श्रवणमुद्रा घेतली गेली होती, आणि ऐकली होती तीही तिनेच. ती मूळ आवाजाशी तंतोतंत जुळत होती. दुसऱ्या माणसाची श्रवणमुद्रा आज पहिल्यांदाच घेतली जाणार होती.

प्रभंजनने सारंगीचा एक तुकडा टेबलावरच्या चारही हेडफोनांवर ऐकला, पट्टीने तो टिपला. मग तो म्हणाला, आवाजाचं राहू दे, आता शांतता टिप. कुठल्या हेडफोनमध्ये पार्श्वभूमी खरोखर काळी आहे, हाच तर आपला भांडणाचा मुद्दा. वैदेही हसली, पण तिला ते पटले. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवून काहीही न वाजवता त्याला बसवून ठेवले. मग खुर्च्यांची अदलाबदल झाली.

आधी तिने सारंगी ऐकली. ती खरोखरच वेगळी होती, तिच्या सारंगीपेक्षा उजळ, थोडी दूरची. मग तिने त्याची शांतता लावली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" प्रभंजनने विचारले.

तिने पट्टी काढली, तपासली, पुन्हा लावली. एक बारीक, उंच, अखंड स्वर वाजत होता, काचेच्या कडेवरून ओले बोट फिरवावे तसा. तिने पूर्वी टिपलेली आपली स्वतःची शांतता लावून पाहिली. ती स्वच्छ होती. पुन्हा त्याची लावली. स्वर तिथेच होता.

तिने त्याला सांगितले. पुढे कित्येक आठवडे तिला त्या क्षणाचा पश्चात्ताप होत राहिला, पण तेव्हा ती संशोधकाच्या कुतूहलाने बोलली. प्रभंजनचा विश्वास बसेना. तेव्हा तिने हव्या त्या उंचीचा स्वर काढणाऱ्या ध्वनिजनकावर तोच स्वर जुळवला आणि स्पीकरमधून अगदी हळू सोडला.

"काही वाजत नाहीये," तो म्हणाला.

तिने स्वर किंचित वर सरकवला. आता ऐकू येतोय, तो म्हणाला. पुन्हा मूळ जागी आणला. बंद केलास, तो म्हणाला. तिने बंद केला नव्हता. तिने हे तीन-चारदा केले, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. शेवटी तिने ध्वनिजनकाचे बटण खरोखरच बंद केले, तेव्हा प्रभंजन स्पीकरकडे पाहत राहिला.

"बंद कर ना," तो म्हणाला.

त्यानंतर तो स्वर त्याला सोडून गेला नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंग धरलेले असताना, जेवताना, पेपर वाचताना तो वाजतच राही. कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, मेंदूचा स्कॅनही काढला. दोष कुठेच सापडला नाही. वैदेहीने त्याला समजावले, की हा स्वर बहुधा जन्मापासून तुझ्या कानात आहे. जे कधीच बदलत नाही ते मेंदू गाळून टाकतो. प्रभंजनला हे परके नव्हते. डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली आयुष्यभर पडद्यावर पडलेली असते आणि कोणालाही दिसत नाही, हे तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत आला होता. पण नीट उजेड पाडला तर ती सावली क्षणभर दिसते आणि मग जाते. त्याचा स्वर जात नव्हता.

त्याने रविवारी येणे बंद केले. त्याची बायको कुंदा एकदा संस्थेत वैदेहीला भेटायला आली. घरात आता एकही हेडफोन बाहेर निघत नाही, असे तिने सांगितले. पंचवीस वर्षे जमवलेले सगळे कपाटात कोंबले आहे. रेडिओ मात्र सकाळपासून चालू असतो, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर.

"वैदेहीताई, पूर्वी ते म्हणायचे, जरा शांत बसू द्या," कुंदा म्हणाली. "आता घरात कोणी गप्प बसलं की त्यांना धडकी भरते."

वैदेहीला एक उपाय सुचत होता. यंत्र ऐकणाऱ्याची स्पंदने वजा करते, म्हणजे त्याचा स्वरही वजा करणार. त्या जागी तिची शांतता घातली, की जेवढा वेळ पट्टी कपाळावर, तेवढा वेळ सुटका. रोज तासभर जरी मिळाली तरी माणूस तगेल. तिने फोन केला. प्रभंजनने आधी नकार दिला. खरी शांतता एकदा ऐकली तर पट्टी काढल्यावर काय होईल, याची त्याला भीती वाटत होती. आहे तेच असह्य आहे, तो म्हणाला, त्यात तुलना कशाला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी मात्र तो स्वतःहून आला. तो वाळला होता, दाढी वाढली होती. देशभरातले हेडफोनचे शौकीन दुपारपर्यंत जमायचे होते. त्यांतल्या प्रत्येकाची शांतता टिपून शेजारच्याला ऐकवायची, असाच कार्यक्रम ठरला होता. शौकिनांना आधी तेच ऐकायचे असणार, हे वैदेहीला प्रभंजनवरूनच कळले होते.

"लाव," तो खुर्चीत बसत म्हणाला. "होईल ते होईल."

तिने पट्टी लावली, आपली शांतता निवडली आणि कळ दाबली. तिचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होते.

प्रभंजनचा उंच स्वर तुटला. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदाच तुटला. त्याचे खांदे सैल झाले आणि डोळ्यांत पाणी आले. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत त्याला दुसरेच काही ऐकू आले. खूप खालचा, जाडसर, अखंड घुमारा. दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा.

यंत्रातला दोष असेल, असे त्याला वाटले. कारण न सांगता त्याने तिला तिचीच श्रवणमुद्रा पुन्हा ऐकून पाहायला सांगितले. तिने पट्टी आपल्या कपाळावर लावली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "स्वच्छ आहे. काहीच नाही."

अर्थात तिला काही ऐकू येणार नव्हते. प्रभंजन तिच्याकडे पाहत राहिला आणि सगळे त्याच्या ध्यानात आले. तिची शांतता तिनेच तपासली होती. स्वतःचा स्वर स्वतःला कधीच ऐकू येत नाही. तो ऐकायला दुसऱ्याचे कान लागतात, आणि जगात असे यंत्र आजवर नव्हते. त्याला कसलाही आजार नव्हता. बहुधा जन्माला आलेला प्रत्येक माणूस कसला ना कसला स्वर घेऊनच येतो आणि त्यालाच शांतता म्हणतो.

त्याला सुटल्यासारखे वाटले, पण क्षणभरच. समोर वैदेही वाट पाहत होती.

"शांत आहे ना?" तिने विचारले. त्या प्रश्नात इतकी आशा होती, की 'हो' म्हणणे सोपे होते. सांगितल्यावर माणसाचे काय होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तिला हे कधीच कळले नसते. पण बाहेरच्या दालनात लोक जमू लागले होते. काचेपलीकडे दोघेजण एकमेकांना आपापले हेडफोन दाखवत हसत होते. दुपारी तेच दोघे एकमेकांची शांतता ऐकणार होते, आणि त्यानंतर हे यंत्र गावोगावच्या दुकानांत जाणार होते.

"वैदेही, बस," तो म्हणाला. "तुझ्यातही वाजतंय."

ती बसली. त्याने सांगितले ते तिने मध्ये न बोलता ऐकून घेतले. ती त्या क्षेत्रातलीच, त्यामुळे तिला पटायला वेळ लागला नाही. ही चूक तिने स्वतःला प्रमाण मानल्यामुळे झाली होती, हेही तिच्या लक्षात आले. मग ती उठली आणि ध्वनिजनकाजवळ गेली.

"नको," प्रभंजन म्हणाला. "माझ्या शब्दावर विश्वास ठेव."

"मी ठेवते. पण कंपनी ठेवेल का?" ती म्हणाली. "एवढं सगळं थांबवायचं, तर मोजलेलं काहीतरी हातात हवं. एका कानाचा पुरावा आहे. दोन हवेत."

तिने त्याला स्वर जुळवायला लावले. दोन स्वरांमधला फरक ओळखण्यात प्रभंजनने आयुष्य घालवले होते. थोडे खाली, अजून थोडे, आणि तो थांबला. स्पीकरचा पडदा थरथरताना दोघांना दिसत होता.

"मला काही ऐकू येत नाही," वैदेही म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता.

त्याने स्वर सरकवला. तिने मान हलवली, आता येतोय. त्याने परत आणला. गेला. असे काही वेळा झाले. तिने प्रत्येक वेळी आकडे लिहून घेतले. मग तिनेच हात पुढे करून ध्वनिजनक बंद केला आणि दालनात जाऊन आलेल्या मंडळींची माफी मागितली. यंत्रात गंभीर दोष आढळला आहे, कार्यक्रम रद्द, एवढेच तिने सांगितले. काहींनी कुरकुर केली. बंगळुरूला फोन झाला, तो बराच लांबला. तिने आवाज न चढवता पुन्हा पुन्हा तेच सांगितले, आणि शेवटी पलीकडच्या माणसाने ऐकले.

ती परतली तेव्हा प्रभंजन अजून त्याच खुर्चीत होता. जाड दाराने बाहेरचा गलबला तोडला. वैदेही त्याच्यासमोर बसली. मग तिने मान किंचित तिरकी केली, जशी ती नवा हेडफोन पहिल्यांदा ऐकताना करायची.

"प्रभंजन," ती म्हणाली, "सवय व्हायला किती दिवस लागतात?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला अजून झालेली नाही."