फेरमांडणी

नागपूरच्या स्मृतिविज्ञान संस्थेत चाचणीच्या खोलीला मुद्दाम घरच्या बैठकीसारखे रूप दिले होते. एक जुना सोफा, दोन उशा, खिडकीत मनीप्लांट. सोफ्यावर मांडी घालून निनाद पोहनकर खेळत होता. तळहातात मावणाऱ्या खेळयंत्रावर त्याचे अंगठे इतक्या सफाईने फिरत होते की, हा माणूस वर्षभरापूर्वी स्वतःच्या गल्लीत रस्ता चुकत होता, हे कोणाला सांगून पटले नसते.

काचेपलीकडून त्याची धाकटी बहीण डॉ. केतकी पाहत होती. चाचणी तिने तयार केलेली. मात्र भाऊच रुग्ण असल्यामुळे त्याच्या उपचारांत लक्ष घालायची तिला मनाई होती. संस्थेत एका नव्या औषधाची परीक्षा चालली होती. निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी मिळत असे. निनादला काय मिळते हे तिलाही ठाऊक नव्हते. पण त्याचे गुण महिन्यागणिक चढत होते आणि तिने मनाशी उत्तर काढून टाकले होते.

तिच्या शेजारी परीक्षण समितीकडून आलेल्या डॉ. फरहत काझी बसल्या होत्या. निकाल मान्य करायचा की नाही, हे त्या ठरवणार होत्या.

"खेळच का?" त्यांनी विचारले.

"स्मरणशक्तीची एकच चाचणी पुन्हा पुन्हा घेतली, की माणसाला चाचणीच पाठ होते," केतकी म्हणाली. "मला एकसारख्या अवघड अशा शेकडो चाचण्या हव्या होत्या. या पिढीनं लहानपणी साहसाचे खेळ खेळलेत. गावोगाव हिंडायचं, वस्तू शोधायच्या, राक्षसाला गाठायचं. बटणं कशी दाबायची हे आजारातही हात विसरत नाहीत. म्हणून तोच खेळ घेतला आणि त्याची फेरमांडणी केली."

"म्हणजे?"

"नकाशा तोच ठेवायचा, पण कुठली वस्तू कुठे हे पत्त्यांसारखं पिसायचं. आज्ञावलीला एक आकडा द्यायचा, त्याला आम्ही बीजांक म्हणतो. एका बीजांकातून दर वेळी तीच मांडणी निघते, बीजांक बदलला की सगळंच बदलतं. फक्त खेळ अडता कामा नये. गुहेत शिरायला कंदील लागत असेल आणि कंदीलच गुहेत जाऊन पडला, तर माणूस जन्मभर बाहेर उभा राहील. म्हणून प्रत्येक कुलपाची किल्ली कुलपाच्या अलीकडे आहे ना, हे आज्ञावली तपासून घेते. रुग्ण एकच मांडणी आठवडाभर खेळतो. काल कुठे काय पाहिलं हे आज किती आठवतं, ते आम्ही मोजतो."

डॉ. काझींनी वहीत काही टिपून घेतले. "पण या सगळ्यांना मूळ खेळ पाठ असणार. ती आठवण मध्ये येत नाही?"

"येते ना. मूळ खेळात कंदील गिरणीमागच्या विहिरीत आहे, त्यामुळे जो तो आधी विहिरीकडे धावतो आणि वेळ घालवतो. पण उपचाराआधी ती जेवढी आड येते तेवढीच नंतरही येणार. फरक काढताना ती आपोआप वजा होते."

"तेवढीच येते, हे मोजलंत?"

 केतकीने ते मोजले नव्हते. कोणी मोजायला सांगितलेही नव्हते.

"मग आता मोजा," डॉ. काझी म्हणाल्या. "फेरमांडणी न करता मूळ खेळ द्या सगळ्यांना. पाठ असलेला खेळ ते चुटकीसरशी संपवतील. तसं झालं तर मी मान्यता देते."

ती दुपार केतकीने निनादच्या खेळाची जुनी चित्रणे पाहण्यात घालवली. सुरुवातीच्या महिन्यांत तो प्रत्येक नव्या मांडणीत पहिल्यांदा विहिरीवर जाई, आत डोकावे, काही न सापडल्यावर हिरमुसून परत फिरे. पुढे पुढे तो तिथे उशिरा जाऊ लागला. अलीकडच्या चित्रणांत तो गिरणीजवळून असा जात होता की तिथे काही असायला हवे, हे त्याच्या गावीही नव्हते. हे सगळे तिने पूर्वीही पाहिले होते, आणि दर वेळी आनंदाने पाहिले होते. भाऊ शिकतोय, असे तिला वाटले होते. चित्रण अर्ध्यातच बंद करून ती उठली.

मूळ खेळाची चाचणी घेताना तिने डॉ. काझींची परवानगी काढली आणि निनादच्या शेजारी जाऊन बसली. लहानपणी दोघांत मिळून एकच यंत्र होते. त्याने खेळायचे आणि तिने पडद्यावरचे इंग्रजी वाचून त्याला मराठीत सांगायचे, अशी वाटणी होती. राक्षसाच्या तोंडी ती मनाचे काहीबाही घालायची आणि निनाद ते खरे धरायचा.

खेळ सुरू झाला. निनाद गावात शिरला, पहिल्या घराचे दार उघडले, मग दुसऱ्याचे. प्रत्येक माणसाशी थांबून बोलला. गिरणी आली, तिला त्याने शांतपणे वळसा घातला. केतकीला त्याच्या हातातले यंत्र हिसकावून घ्यावेसे वाटले.

"दादा, ओळखीचा वाटतो का खेळ?"

"नाही गं," तो खेळता खेळता म्हणाला. "मागच्या आठवड्यात घरांच्या आत काही नव्हतं, यात पेट्या आहेत. हा बरा आहे. नवीन काढलाय?"

निकाल लागायला वेळ लागला नाही. काही रुग्ण आजारी असूनही थेट विहिरीवर गेले आणि अख्खा खेळ झरझर उलगडत गेले. बाकीच्यांना मूळ खेळ आणि विस्कटलेला खेळ यांत काही फरकच जाणवला नाही. कोणाला काय मिळते याची सीलबंद यादी डॉ. काझींनी फोडली. फरक न जाणवलेल्या सगळ्यांना औषध मिळत होते.

"आजार अलीकडचं आधी खातो आणि बालपण शेवटपर्यंत ठेवतो," डॉ. काझी सावकाश म्हणाल्या. "हे औषध दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं. सर्वांत जुने बंध सोडवतं आणि ती जागा नव्यांना देतं. तुमची चाचणी खोटं बोलत नव्हती. नवं लक्षात ठेवण्याची ताकद तिनं अचूक मोजली. फक्त ती कशाच्या बदल्यात आली, हे तिला कुणी विचारलं नाही."

"थांबवा हे," केतकी म्हणाली.

"थांबवू शकते. पण थांबवलं तर आजार परत सुरू होईल, आणि गेलेलं काही येणार नाही. मला वाटतं, घरच्यांना खरं सांगावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा."

घरचे लोक संतापतील, अशी केतकीची खात्री होती. ती स्वतः निनादच्या बायकोकडे गेली. मुलगी सई शाळेत गेली होती, अर्पिता स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने हात न थांबवता सगळे ऐकून घेतले.

"मला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "दिवाळीत अल्बम काढला होता. तुम्हा दोघांचे लहानपणचे फोटो पाहून त्यानं विचारलं, ही मुलं कोणाची?"

"वहिनी, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू औषध बंद केलं असतंस." अर्पिताने ताट बाजूला सारले. "तू महिन्यातून एकदा येतेस, केतकी. तेव्हा तो तुझ्याशी शाळेच्या गप्पा मारायचा, तुला बरं वाटायचं. तू गेल्यावर मला विचारायचा, बाई, तुम्ही कोण? रोज. बाथरूमला कडी लावून रडायचे मी. आता सकाळी सांगितलेलं त्याला संध्याकाळी आठवतं. सईच्या परीक्षेची तारीख आठवते. स्वतः जाऊन दूध आणतो."

"पण ते पुढे सरकत येणार आहे. आज बालपण गेलं, उद्या कॉलेज जाईल. मग तुमचं लग्न."

"जाऊ दे. मी त्याला सांगेन की आपलं लग्न झालंय. आणि सांगितलेलं त्याच्या लक्षात राहील." तिचा आवाज एवढा वेळ सरळ होता, तो इथे जरा हलला. "तुला तुझा भाऊ हवाय. मला घरात एक माणूस हवाय."

संमतिपत्रात नवा परिच्छेद घातला गेला: औषध सर्वांत जुन्या आठवणींपासून पुसत जाते. तो वाचून एकदोन कुटुंबे मागे फिरली. बाकीच्यांनी सह्या केल्या, काहींनी तर पेन मागताना पुढचे पानही उलटले नाही. साखरेच्या गोळीवर असलेल्यांच्या घरून विचारणा झाली की, आमच्या माणसाला खरे औषध कधी मिळणार. वर्षअखेरीस औषधाला मान्यता आली. चाचणीला पुरस्कार मिळाला. केतकी तो घ्यायला गेली नाही, आणि त्याने कोणाचे काही अडले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती निनादकडे गेली. तो तिला फाटकापाशी घ्यायला आला. मागच्या खेपेस तिने कोणत्या रंगाची साडी नेसली होती, चहात साखर कमी टाकायला सांगितले होते, हे सगळे त्याला नीट आठवत होते. त्याने स्वतः चहा केला आणि साखर बेताचीच घातली. त्याचा चेहरा निवांत दिसत होता, इतका की तिला तो अनोळखी वाटला.

"तुझ्याबद्दल अर्पितानं बरंच सांगितलंय," तो म्हणाला. "तू माझी सख्खी धाकटी बहीण. आपण लहानपणी फार मजेत होतो म्हणे. आणि बाबा आपल्यावर जीव टाकायचे म्हणे."

केतकीने कप खाली ठेवला. बाबा प्यायले की पट्टा काढायचे. निनाद तिला पलंगाखाली ढकलायचा आणि स्वतः दारात उभा राहायचा. त्याच्या पाठीवर ते वळ अजून असतील. आई कधीच गेली होती, शेजारी पांगले होते. त्या घरात काय घडले हे जाणणारी जगात दोनच माणसे होती आणि त्यांपैकी एक समोर बसून, शिकवलेला धडा बरोबर म्हणून दाखवला का, अशा नजरेने तिच्याकडे पाहत होता.

अर्पिता दारात येऊन उभी राहिली होती. ती केतकीकडे पाहत होती. केतकी आता जे सांगेल ते त्याच्या लक्षात राहणार होते. औषध त्यासाठीच होते.

"खरंच तसे होते का गं बाबा?" निनादने विचारले.

"हो," केतकी म्हणाली. "तुझ्यावर तर फारच."

तो समाधानाने हसला आणि ते त्याने लक्षात ठेवले.