मनगटावाचून चाललेलं घड्याळ

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी पेडण्याच्या बाजारातल्या माझ्या घड्याळाच्या दुकानात आखातातून परतलेल्यांची रीघ असे. सगळ्यांचा प्रश्न एकच: विमानात भारी घड्याळ बिघडतं का? मी उखडायचो. अहो, विमानाच्या आतली हवा फार तर उटीइतकी विरळ होते. शंभर मीटर खोल पाण्याचा दाब सोसणाऱ्या घड्याळाला तिचं काय!

जानकीनं आणलेलं घड्याळ तर त्यातला राजा होता. स्विस, ऑटोमॅटिक. मागचं झाकण उघडलं आणि मी बघतच राहिलो. एकेक चाक असं देखणं, की ज्यानं ते घडवलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"मधुकरबाब, ह्यां विमानातसून इलां. वयर बिघडलां आसात?" तिनं विचारलं. "बंद म्हणान पडणा नाय."

तिचा नवरा गुरुदास बोटीवर कामाला. महिन्यापूर्वी समुद्रात पडला, सापडला नाही. बिछान्यावर राहिलेलं घड्याळ कंपनीनं विमानानं पाठवलं. दीर रविवारी गुरुदासची उत्तरक्रिया उरकणार होता. जानकी हो म्हणत नव्हती.

"बंद न पडणं हा काही बिघाड नव्हे," मी म्हणालो, पण चक्रावलो. ऑटोमॅटिकला चावी मिळते ती हलत्या मनगटानं. काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत थांबतं. "ठेवून जा."

कपाटात कुलूपबंद ठेवलं. पाचव्या दिवशीही चालूच, सेकंदाचीही चूक नाही. मला भीतीपेक्षा कौतुकच वाटलं.

"चलता मां?" शनिवारी तिनं विचारलं. "मगे ते जिते आसत. क्रिया करूक देवचंय नाय."

मी मान डोलावली. घड्याळजीनं खरं तर असं करू नये.

सोमवारी ती गुरुदासलाच घेऊन आली. दुसऱ्या एका बोटीनं उचललं, मुंबईहून विमानानं आले, म्हणाली. तिचा आनंद पोटात मावत नव्हता. मलाही भरून आलं. त्याला बसवून ती समोर मासळी घ्यायला गेली.

मी स्वतः घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं.

सेकंदकाटा थांबला.

काढलं. चालू झालं. माझ्या मनगटावर चालत राहिलं.

पुन्हा त्याला बांधलं. पुन्हा थांबलं. पट्ट्याखाली माझं बोट त्याच्या नाडीवर होतं; तीही लागत नव्हती.

गुरुदासनं बाही खाली ओढली. "जानकीक सांगू नुको," तो हळूच म्हणाला.

बाहेर ती बांगडे निवडत होती, दोघांना पुरतील इतके.