कागदावरच्या साठ बस

"अहो बाई, आत्ताच धुतलीय ती बस!"

ती दचकली. हातातला खडू बसच्या दारावरच थांबला. मागे डेपोचा इंजिनीअर उभा होता — कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर आठ्या आणि डोळे मात्र हसरे. असले डोळे सरकारी कामात अडथळा आणतात, हे तिने तिथेच ओळखलं.

"सरकारच्या हवामान-बदल कक्षातून आलेय," ती ताठ होत म्हणाली. "धूर कमी करू, असा शब्द देशाने जगाला दिलाय. त्यात तुमच्या साठ इलेक्ट्रिक बस धरल्यात. खूण करत मोजतेय."

"मग? भरल्या का साठ?"

"भरल्या. पण त्यातल्या बारा बसच्या चाकांखाली गवत उगवलंय."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "आजवर सगळे खुर्चीत बसून आकडा घेऊन गेले... गवत तुम्हालाच दिसलं. बस पाठवल्या, पुरेसे चार्जर पाठवायला विसरले. आम्हाला विचारतंय कोण?"

"मी विचारतेय ना."

मग काय, गडी सुटलाच. चालकांच्या पाळ्या कशा बदलायच्या, दुपारी चार्जिंग कसं उरकायचं, सगळं त्याने जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर काढून दाखवलं. एका दिवसाच्या कामाला ती तीन दिवस आली. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी एक खुर्ची पुसून ठेवली होती. तिला ते फार आवडलं.

चौथ्या दिवशी तिच्या साहेबांनी फाईल पुढे सरकवली. "साठ लिहा. उद्या सचिवांची बैठक आहे. नसते उद्योग केलेत तर बदलीची तयारी ठेवा."

बदली म्हणजे दुसरं शहर. म्हणजे तो डेपो नाही, तो माणूस नाही. पण उभ्या बसने धूर कमी होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने अठ्ठेचाळीस लिहिलं आणि बैठकीला इंजिनीअरलाच सोबत नेलं.

सचिवबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उरलेल्या बारा कधी धावतील?"

"सहा चार्जर द्या आणि पाळ्या आम्हाला ठरवू द्या," तो म्हणाला. "दोन महिन्यांत."

साहेबांचा चेहरा पडला. सचिवबाईंनी मात्र तिथल्या तिथे सही केली. "यापुढे धावणारी बसच मोजायची. आणि या बाईंनी दर सोमवारी डेपोत जाऊन पाहायचं."

बाहेर जिन्यात दोघंही एकदम थांबले.

"म्हणजे दर सोमवारी..." तो पुटपुटला.

"सोमवारी कामासाठी येईन," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "पण मला तुम्ही आवडता. ते कामात बसत नाही."

एवढा बोलका माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वर आला.

"मग... रविवारी या ना. रविवारी माझी सुट्टी असते."