चारशे सतरावी ओळ

सोमवारी सकाळी साडेदहाला मास्तरांनी कोड तपासणारा स्कॅनर पहिल्यांदा चालवला आणि पावणेअकराला त्यांचं डोकं फिरलं. अकराशे चाळीस चुका. पडद्यावर वरपासून खालपर्यंत नुसतं लाल.

"एवढ्या चुका असत्या तर हे आजवर चाललं कसं?" ते पुटपुटले.

"चाललं म्हणजे बरोबर होतं असं थोडंच आहे?" शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं.

उत्तर देणारी मुलगी टेस्टर होती. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची हीच तिची नोकरी, आणि ती ते काम इतक्या आवडीने करायची की ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणत. मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून मास्तर. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर ठेवून तोच टेबलभर शोधायची सवय. पण इथला सगळ्यात जुना कोड त्यांच्या हातचा होता, आणि त्याला कोणी नावं ठेवली की त्यांना आपल्या मुलाला शाळेत शिक्षा म्हणून उभं केल्यासारखं वाटायचं.

कंपनी अकरा माणसांची, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, एका लांबट खोलीत. खिडकी उघडली की रबराचा वास, बंद केली की घामाचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही मंडळी मनगटावर बांधायचं एक बटण बनवत. पडलं, घाबरलं, छातीत दुखलं की दाबायचं. हाक सर्व्हरवर यायची आणि सर्व्हर त्या माणसाच्या मुलाचा, सुनेचा, भावाचा फोन वाजवायचा. बस्स, एवढंच.

मास्तरांची थोरली ताई इथून दोन तासांवर एकटी राहायची. सात वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि साडेचार तास फरशीवर पडून होती, कारण फोन स्वयंपाकघरात होता. तिने हाका मारल्या, कोणी ऐकल्या नाहीत. त्या साडेचार तासांचा राग मास्तरांच्या मनातून कधी गेलाच नाही. चांगली चाललेली कॉलेजची नोकरी सोडून ते इथे आले, ते त्या रागापोटीच.

स्कॅनरचं लचांड एका मोठ्या हॉस्पिटलमुळे मागे लागलं होतं. त्यांना घरी गेलेल्या रुग्णांसाठी बटणं हवी होती, पण अट अशी, की कोडमध्ये कोणीही कसलाही बदल केला की आपोआप स्कॅनर चालला पाहिजे आणि शुक्रवारच्या आत रिपोर्टात एकही लाल चूक दिसता कामा नये. साहेबांनी कोणाला न विचारता होकार देऊन टाकला होता. "एका दुपारचं तर काम आहे," ते म्हणाले.

"साहेबांची एक दुपार म्हणजे आपला एक आठवडा," भिंग हळूच म्हणाली.

स्कॅनर कोड चालवत नाही, फक्त वाचतो. मास्तर पेपर तपासत तसा, ओळ न् ओळ. चोराला शिरायला फट कुठे आहे, कुठे पासवर्ड उघडा पडलाय, कुठे आलेली माहिती न तपासताच पुढे जातेय, हे तो फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा देऊन सांगतो. त्यातल्या निम्म्याअधिक चुका चुका नसतातच. अशांसाठी ऑफिसात एक माफीची यादी होती. चूक माफ करायची तर कारण लिहायचं आणि दोघांनी नावं घालायची, एकट्याला माफीचा अधिकार नाही. हा नियमही मास्तरांचाच.

मंगळवार त्यात गेला आणि बुधवारची सकाळही गेली. सरावासाठी लिहिलेले खोटे पासवर्ड माफ केले. जुनाट झालेले भाग बदलले. दोन पासवर्ड मात्र खरेच निघाले आणि दोन्ही मास्तरांनीच विसरलेले. भिंग नुसती हसली, आणि ते त्यांना जास्त लागलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकराशे एकोणचाळीस चुका निकालात निघाल्या.

एक उरली.

फाइल: हाक-स्वीकार. ओळ: ४१७. अतिगंभीर. हाक येते, पण उत्तर देणारा कोणी नाही.

मास्तरांनी फाइल उघडली. ती तीनशे अठ्ठ्याऐंशी ओळींची होती. त्यापुढे काही नव्हतं.

त्यांनी स्कॅनर काढून टाकला, पुन्हा बसवला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवला. ज्यांनी तो बनवला होता त्यांना फोन लावला. तिकडचा माणूस अतिशय नम्र होता आणि नम्र माणसांचा मास्तरांना तिटकारा होता.

"सर, जी ओळ नाही तिच्यात आमचा स्कॅनर चूक दाखवूच शकत नाही."

"मलाही तेच वाटतं. पण दाखवतोय."

पलीकडे बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सर, आणखी एक. असं वाक्यच आमच्या नियमांत नाही. तुमच्यापैकी कोणी घातलंय का?"

"आम्हाला तेवढाच उद्योग उरलाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी तीनला भिंगने त्या चुकेखालचा तपशील उघडला. माहिती कुठून शिरते आणि कुठकुठून जाऊन त्या ओळीपाशी पोचते, ते स्कॅनर पायरी पायरीने सांगतो. त्या पायऱ्यांत एरवी कोडच्या तुकड्यांची नावं असतात.

"मास्तर, जरा इथे या."

एकूण नऊ पायऱ्या होत्या. पहिली, बटण २६४१, दाबलं. दुसरी, दाबलं. तिसरी, दाबलं. नवव्या पायरीपर्यंत तेच.

"हे सर्व्हरवरच्या नोंदीतून आलं असणार," मास्तर म्हणाले, पण बोलता बोलताच त्यांना कळलं की हे शक्य नाही. स्कॅनरला फक्त कोड दिसतो. कोणाच्या मनगटावर कितव्या नंबरचं बटण आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. शिवाय लोकांना दिलेली बटणं २६३० पर्यंतच होती. २६४१ अजून जन्मालाही आलं नव्हतं.

"तुम्ही माझी थट्टा करताय?" भिंगने विचारलं.

"तोंड बघ माझं. थट्टा करणाऱ्याचं दिसतंय का?"

त्यांनी स्कॅनर पुन्हा चालवला. पायऱ्या चौदा झाल्या. पुन्हा चालवला. बावीस. भिंगने कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"परत नका चालवू."

"का?"

"आपण चालवलं की तिकडे कोणीतरी परत दाबतंय असं वाटतं."

मास्तर तिला ओरडले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नंतर त्यांना त्याचं वाईट वाटलं, पण माफी मागायचं राहून गेलं. आणि न चालवून भागणार होतं थोडंच? अकरा माणसांपैकी कोणी एक स्वल्पविराम बदलला तरी स्कॅनर आपोआप चालायचा. तशी व्यवस्था मास्तरांनी स्वतःच लावून ठेवली होती. गुरुवारी सकाळी ते कामावर आले तेव्हा पायऱ्या एकशे साठ झाल्या होत्या.

साहेब त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "अजून लाल?"

"एकच आहे."

"मग माफ करून टाका की."

"कारण काय लिहू?"

"तुम्हीच म्हणता ना ओळ नाही? मग तेच लिहा. मास्तर, नसलेल्या ओळीसाठी मी हॉस्पिटलला काय सांगू?"

मास्तरांनी माफीच्या यादीत कारण लिहिलं, आपलं नाव घातलं आणि दुसऱ्या नावासाठी भिंगकडे बघितलं. तिने मान हलवली.

"मी नाही घालणार. कोणीतरी एकशे साठ वेळा हाक मारतंय आणि आपण लिहायचं की माफ?"

"कोणी नाहीये तिथे!"

"मग तुम्ही घाला ना दुसऱ्या कोणाचं नाव."

दुसऱ्या कोणाकडे जायची मास्तरांना लाज वाटली. तीन रात्री त्यांची झोप धड झाली नव्हती, मान आखडली होती, आणि एका यंत्राने आपल्याला वेड्यात काढावं याची अशी चीड आली होती की समोरचा पडदा उचलून खिडकीतून टाकावा. मग त्यांनी एक चलाखी केली. यादीत नोंद केलीच नाही. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एक सरसकट नियम लिहिला, की जी ओळ फाइलमध्ये नाही, तिच्यातली चूक आपोआप माफ. नियमाला दुसऱ्याचं नाव लागत नाही.

पडदा हिरवा झाला. साहेबांनी पाठीवर थाप मारली. भिंग त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही.

दुपारी चारला नवा कोड सर्व्हरवर चढला आणि त्याबरोबर नवी बटणं तयार होऊन कुरियरने रवाना झाली. खूश झालेले साहेब म्हणाले, "पहिल्या गठ्ठ्यात तुमच्या ताईंचंही घातलंय हो, जुनं बदलून." मास्तरांनी आभार मानले. त्या बटणाचा नंबर बघावा हे त्यांना सुचलंसुद्धा नाही. हिरव्या रंगाने त्यांची मतीच गुंग झाली होती.

शुक्रवारी दुपारी एकला ताईचा फोन आला.

"अरे धाकट्या, तुझं नवं बटण आलं बघ. छान आहे. जुनं अगदी बेढब होतं, बैलाच्या गळ्यात बांधल्यासारखं वाटायचं."

"बांधलंस का?"

"अजून डबीत आहे. त्यावर काहीतरी बारीक लिहिलंय, ते तुला कळवायचं असतं ना? थांब, चष्मा घेते." मास्तर थांबले. "दोन. सहा. चार. एक."

स्कॅनरच्या पायऱ्यांतला तोच नंबर.

"ताई, ते दाबलंस तू?"

"डबीत आहे म्हटलं ना! कान कुठे आहेत तुझे?"

"दाबू नकोस. फोनही ठेवू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. भिंगने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून जवळ आली. मास्तरांनी कालचा सरसकट नियम पुसून टाकला. स्कॅनर आपोआप सुरू झाला. तीन मिनिटं लागायची त्याला. ताई शेजारणीच्या मांजराबद्दल बोलत होती.

रिपोर्ट आला. लाल चुका शून्य. माफ केलेल्या, त्याही शून्य.

"नियम काढलात ना?" भिंगने विचारलं.

"काढला."

"मग ती चूक कुठे गेली?"

मास्तरांनी फाइल उघडली आणि सरळ शेवटाला गेले. तीनशे अठ्ठ्याऐंशीनंतर अठ्ठावीस कोऱ्या ओळी होत्या. त्यांच्याखाली, चारशे सतराव्या ओळीवर, एकच लहानसा आदेश.

उत्तर दे.

कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हे शेजारच्या रकान्यात दिसतं. रकाना कोरा होता.

"थांब हं जरा," स्पीकरवर ताई म्हणाली, "दार वाजतंय."

"ताई, थांब! ताई!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. ताईची सावकाश पावलं लांब गेली. मग बोलणं ऐकू आलं, पण एकटीचंच, मध्ये मध्ये थांबून. पावलं परत आली.

"अरे, तुमच्या कंपनीचा माणूस आलाय. म्हणतो, केव्हापासून हाका मारताय, ऐकून आलो. मी कुठे मारल्या? पण बिचारा लांबून चालत आलेला दिसतोय."

"ताई, दार उघडू नकोस."

"उघडलं की आता."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांची कंपनी फक्त फोन वाजवायची, कोणाच्या घरी माणूस पाठवायची नाही. खोली लांबट होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी टेबलं दिसत होती. त्यांनी एकेकाला मोजलं. साहेब धरून, भिंग धरून, स्वतःला धरून. अकराच्या अकरा जणं जागेवर होती.

"ताई," ते फोनवर वाकून ओरडले.

ती ऐकत नव्हती. फोन पुन्हा टेबलावर होता. लांबून तिचा नेहमीचा, पाहुण्यांशी बोलायचा आवाज आला.

"या ना, आत या. आणि दार तेवढं लावून घ्या."

दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.