मावशीचा सरकारी जबाब

परदेशात आलेल्या नवऱ्याशी माझी मावशी पहिलं वाक्य बोलली ते हे होतं : "ही खुर्ची रिकामी नाही." तेही मान वर न करता आणि तिकडच्या भाषेत.

झालं असं, की मावशी तिकडे ईश्वरशास्त्रात पीएचडी करते. म्हणजे देवाबद्दल लोकांनी आजवर काय काय लिहून ठेवलंय ते सगळं वाचायचं आणि त्यावर स्वतः आणखी लिहायचं. लग्नासाठी ती सुट्टी काढून घरी आली, लग्न झालं, नऊ दिवस संसार झाला (त्यातले सहा तर नातेवाइकांकडच्या जेवणांत गेले) आणि ती परत जाऊन ग्रंथालयात बसली. काका मागे राहिला. काका कवळ्या बनवतो, दातांच्या. मी त्याला कवळीकाका म्हणते आणि त्याला ते आवडतं. आठ महिने दोघं फोनवर बोलली, पण तिची सकाळ आणि त्याची दुपार यांचं काही जमायचं नाही. ती ग्रंथालयात कुजबुजायची, तो मास्कमधून पुटपुटायचा. एवढ्या भांडवलावर काकाने नोकरी सोडली आणि निघाला.

तो गुरुवारी पोचणार, असं मावशीने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. तो बुधवारी पोचला. हजार वर्षं जुनी पोथी नुसती बघून ती कोणत्या दशकातली ते सांगणारी आमची मावशी, स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत एका दिवसाने चुकली. विमानतळावर दोन तास वाट बघून काका पत्ता विचारत विचारत थेट ग्रंथालयात आला. अंगावर भिजलेलं जाकीट, हातात दोन बॅगा. समोरच्या खुर्चीत मावशीच्या पुस्तकांचा ढीग.

"काय म्हणालीस ते कळलं नाही," काका म्हणाला, "पण बसू का?"

मावशीने वर बघितलं. या माणसाला मिशी नव्हती. तिच्या नवऱ्याला होती. तीन सेकंद... चार...

"तू उद्या येणार होतास."

"मी विमानाला सांगून बघितलं. ऐकेना."

मावशी इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. काका मात्र तिच्या हसण्याकडे असा बघत राहिला, जणू एवढा प्रवास त्याने त्यासाठीच केला होता. मावशी सांगते, तेव्हा तिच्या पोटात काहीतरी टुणकन उडालं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, भूक असेल, अशी तिने स्वतःची समजूत काढली.

विद्यार्थी जोडप्यांच्या वसतिगृहात त्यांना एक खोली मिळाली होती. एक पलंग, एक घडीचं टेबल आणि खिडकीखाली कपडे धुण्याच्या यंत्रांची घरघर. सकाळी आंघोळीला आधी कोणी जायचं यावर इतकं "तू जा... नाही, तू जा" व्हायचं की पाणी गार होऊन जायचं. नवराबायको कसली, रांगेत चुकून शेजारी उभे राहिलेले दोन सभ्य लोक वाटायची.

आणि पाचव्या दिवशी पत्र आलं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने लिहिलं होतं, की लग्नानंतर आपण फक्त नऊ दिवस एकत्र राहिलात, त्यामुळे हे लग्न खरं आहे का याची खात्री करणं आवश्यक आहे. तीन आठवड्यांनी दोघांची वेगवेगळी मुलाखत होईल. खात्री पटली नाही तर पतीला परत जावं लागेल आणि दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

मावशीने ते पत्र चार वेळा वाचलं. मग ती जी गोष्ट उत्तम करते ती तिने केली. अभ्यास. एकशे चाळीस कार्डं तयार केली. टूथब्रशचा रंग, सासऱ्यांचं शिक्षण, झोपताना खिडकी उघडी की बंद. ती बस चुकली की कार्डं काढायची, भाजी चिरताना कार्डं काढायची. काकाला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून हात रिकामे राहू नयेत यासाठी तो टेबलावर मेणाचे दात कोरत बसायचा आणि कोरता कोरता उत्तरं द्यायचा. माझी आई फोनवर मावशीला म्हणाली, अगं लग्न झालंय की बोर्डाची परीक्षा? मावशी म्हणाली, दोन्ही, आणि पूर्वपरीक्षेला वेळच मिळाला नाही.

एका संध्याकाळी तिने कार्डावरून डोळे उचलले तर काका तिच्याकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"रंग. आमच्या रंगपट्टीवर ए-टू आहे तुझ्या दातांचा. आणि डावा सुळा किंचित पुढे... तसा कोणाला बसवून देता येत नाही."

"हे प्रेमाने म्हणतोयस की धंद्याने?"

"तू ठरव. तुला विचारलं तर तू सरळ सांगतेस कुठे? काल चहा केला, तर म्हणालीस, वाईट नाही."

"मग नव्हता वाईट."

"चांगला होता का?"

मावशीने पुढचं कार्ड काढलं. कारण इथेच तर सगळी गोम आहे. मावशीचा प्रबंध कशावर आहे माहितीये? काही जुने साधू म्हणायचे, की देव कसा आहे हे सांगूच नये, कारण जे म्हणाल त्यापेक्षा तो मोठाच असणार. म्हणून फक्त तो काय नाही तेवढं सांगायचं. अंधार नाही, उजेड नाही, लांब नाही, जवळ नाही. पाच वर्षं तेच वाचून वाचून मावशीच्या जिभेला तसं वळणच पडलंय. मी पेपरात पहिली आले तरी म्हणते, नापास नाही झालीस, छान.

त्या रात्री... नाही, रात्रीचं जाऊ दे. तीन आठवडे संपले आणि मुलाखतीची सकाळ उजाडली.

भुरभुर पाऊस होता. एकच छत्री होती. काकाने ती पूर्ण मावशीवर धरली, मावशीने त्याच्याकडे ढकलली, आणि दोघंही भिजून पोचली.

आधी मावशीला आत बोलावलं. अधिकारीबाई टाइप करत होत्या. टूथब्रश? हिरवा. खिडकी? बंद, पण पहाटे तो हळूच उघडतो. मावशी सुसाट सुटली होती. मग बाईंनी हात थांबवले आणि विचारलं, "तुमचा नवरा कसा आहे?"

याचं कार्ड नव्हतं.

"तो... उतावळा नाही," मावशी म्हणाली. "खोटं हसत नाही. मी वाचत असले की उगाच बोलत नाही. इथे येऊन त्याचं काम सुटलं, पण त्याने ते मला एकदाही ऐकवलं नाही."

बाई म्हणाल्या, मी ते कसे आहेत हे विचारलंय, कसे नाहीत हे नाही. बायकोला नवऱ्याबद्दल एवढंही सांगता येत नाही, असं मी लिहू का?

 मावशीने समजावून बघितलं, की तिच्या विषयात मोठ्या गोष्टींबद्दल असंच बोलतात, आणि त्या जुन्या साधूंचे दाखले दिले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या अर्जात देवासाठी रकाना नाही. मला एक सरळ वाक्य द्या."

 काचेपलीकडे काका पाठ करून बसला होता आणि त्याचा एक खांदा ओला होता. आणि मावशीला वाटलं, हा माणूस दोन वर्षांसाठी गेला तर... तो 'तर' पुढे जाईचना.

"मी त्याच्या प्रेमात आहे," ती म्हणाली. बाईंनी ते टाइप केलं. टक टक टक, पूर्णविराम.

मग काकाची पाळी. त्याला भाषा येत नसल्याने फोनवर एक दुभाषीबाई होत्या. मावशी बाहेर बसून मनात म्हणत होती, सांगेन त्याला, योग्य वेळ बघून, पुढच्या आठवड्यात, प्रबंधाचं तिसरं प्रकरण झालं की... तेवढ्यात तिलाही आत बोलावलं. नियमच होता तो. दोघांचे जबाब दोघांसमोर वाचून दाखवायचे, मग सह्या.

मावशीला हा नियम माहीत नव्हता.

आधी काकाचा जबाब. मावशीच्या सवयी त्याने कार्डाबाहेरच्याही सांगितल्या होत्या. आणि शेवटी एवढंच : "माझ्या बायकोला माझ्याबद्दल विचाराल तर ती आधी मी काय नाही ते सांगेल. कृपया तिला थोडा वेळ द्या."

अधिकारीबाईंनी चष्म्यावरून मावशीकडे एकदा पाहिलं आणि दुसरा कागद घेतला. त्या एक ओळ वाचायच्या, फोनमधून दुभाषीबाई आपल्या भाषेत सांगायच्या. आवाज अगदी स्टेशनवरच्या सूचनेसारखा, कसलाच चढउतार नाही. "खिडकी बंद. पहाटे उघडतो. तो उतावळा नाही. मी त्याच्या प्रेमात आहे. जबाब समाप्त."

मावशी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. तिचे कान तापले होते.

"माफ करा," काका फोनला म्हणाला, "शेवटून दुसरं वाक्य नीट ऐकू आलं नाही."

"मी त्याच्या प्रेमात आहे," दुभाषीबाई म्हणाल्या.

"लाइनला खरखर आहे का? परत एकदा..."

"मी त्याच्या प्रेमात आहे."

लाइनला काहीही खरखर नव्हती. काकाचे डोळे भरले होते आणि तो हसू दाबत होता. अधिकारीबाईंनी शिक्का उचलला, काकाच्या कागदावर ठेवून दाबला आणि फिरवून समोर सरकवला. चार वर्षांची परवानगी.

काकाने त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो परत फोनकडे वाकला. "बाई, अजून एकदाच—"

"राहू द्या, बाई," मावशीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मी सांगते त्याला."

आणि तिने सांगितलं.