चित्स्के आल्ग्राच्या नावाचं कार्ड

"माझं कार्ड हे!" चित्स्के आल्ग्राने ट्रामचं पिवळं कार्ड टेबलावर आपटलं. "यावर माझा फोटो आहे, नाव आहे, जन्मतारीख आहे. आणि ट्राम कंपनी म्हणते, दुसरंही माझंच. जे मी जन्मात पाहिलेलं नाही ते!"

रेन्स्के ताल्स्माने कार्ड हातात घेतलं. खाजगी तपासाचं काम सुरू करण्याआधी ती बारा वर्षं हेगच्या ट्राममध्ये तिकीट तपासनीस होती. तिचा जोडीदार वोबे निवृत्त ट्रामचालक. तो खिडकीशी बसून हेरिंग मासा घातलेला पाव खात होता.

"पहिल्यापासून सांगा," रेन्स्के म्हणाली.

चित्स्के घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करी. आलेइदा रोडझांट या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंकडे ती गेल्या उन्हाळ्यापासून जात होती. दोन फेब्रुवारीच्या रविवारी दुपारी बाई चर्चमध्ये असताना त्यांच्या कपाटातला चांदीचा जुना वाडगा नाहीसा झाला. कुलूप शाबूत होतं. जादा किल्ल्या तिघांकडे होत्या: चित्स्के, तळमजल्यावरचे बाकेलार आणि बाईंचा भाचा दिदेरिक.

"भाच्यानेच पोलिसांना सुचवलं, तिचा ट्रामचा प्रवास तपासा म्हणून. निघाला हा कागद."

कागदावर लिहिलं होतं: आल्ग्रा, चित्स्के. जन्म ८ डिसेंबर १९७९. कार्ड नावावर केल्याची तारीख ४ जानेवारी. २ फेब्रुवारीला रोडझांटबाईंच्या घरासमोरच्या थांब्यावर उतरली, एक वाजून दहा मिनिटं. तिथूनच पुन्हा चढली, एक चाळीस.

"तुमच्या पिवळ्या कार्डावर पाच डिसेंबर आहे," रेन्स्के म्हणाली.

"पाचच खरी. पण कंपनी म्हणते, भरताना तुम्हीच चुकलात. स्वतःची जन्मतारीख कुणी चुकतं का हो?"

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?" वोबेने विचारलं.

"घरी. झोपले होते, एकटी. रविवारी झोपायला साक्षीदार बोलवायचे का आता?" तिचे डोळे भरून आले. "उद्या सेवासंस्थेची सुनावणी आहे. चोर ठरले तर सेविकांच्या नोंदवहीतून नाव कायमचं जाईल. सतरा वर्षं लोकांना आंघोळ घातली, पाठी चोळल्या. दुसरं मला काही येत नाही."

रेन्स्के आधी ट्राम कंपनीच्या कचेरीत गेली. काचेमागचा तरुण अतिशय सभ्य होता, आणि त्या सभ्यपणानेच तिचं डोकं तापलं.

"कार्ड ज्याच्या नावावर, प्रवास त्याचा," तो म्हणाला.

"पण नावावर केलं कुणी?"

"ज्याचं नाव आहे त्याने. निनावी कार्ड कुणालाही विकत मिळतं. मग संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख भरली की ते तुमचं."

"ओळखपत्र बघता?"

"संकेतस्थळावर ते कसं बघणार, मॅडम?"

"म्हणजे मी आज तुमचं नाव भरून कार्ड घेतलं, तर उद्या मी केलेली चोरी तुमच्या गळ्यात?"

"असं कुणी करत नाही, मॅडम."

"मग ते कार्ड आत्ता बंद तरी करा."

"त्यासाठी मालकाने कार्ड घेऊन स्वतः यावं लागतं."

वोबेने तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं, म्हणून पुढचा प्रसंग टळला. एका बाईचं आयुष्य पणाला लागलं होतं आणि इथे सगळं नियमाने चाललं होतं! तिच्या नावाने काय झालं हे यंत्राला ठाऊक होतं. तिला विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

रोडझांटबाईंनी कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. वोबे त्या झाकणाकडे बघत राहिला.

"मला फार लागलं हो," बाई म्हणाल्या. "पोरीसारखी वागवली मी तिला. आठ डिसेंबरला वाढदिवसाचा केक घेऊन आली, तर मी गाणंसुद्धा म्हटलं. नाव तेव्हाच लिहून ठेवलं. आणि तो वाडगा तर मी माझ्यामागे तिलाच देणार होते! माझी आई फ्रीसलंडची, वाडगा तिकडचा, आणि चित्स्केही तिकडचीच."

"हे तिला माहीत होतं?"

"छे. नव्या वर्षाच्या दिवशी दिदेरिक आला होता, त्याला तेवढं बोलले."

"तो ट्रामने येतो?"

"तो? गाडीशिवाय पाऊल टाकत नाही."

रेन्स्केने शौचालय कुठे आहे ते विचारलं. दाराच्या आतल्या बाजूला, सगळ्यांच्याच घरी असते तशी, वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली होती. बाईंच्या ठसठशीत अक्षरात नावं होती, जन्माची सालंही. रेन्स्केने डिसेंबर उघडला, वाचला आणि पुन्हा फेब्रुवारी लावून ठेवला.

तळमजल्यावरचे बाकेलार दारातच उभे राहून बोलले. "रविवारी मी मागे सायकल दुरुस्त करत होतो. मला कुणी पाहिलं नाही. बसा आता संशय घेत!"

"चित्स्के कशी वाटते?"

"सरळ बाई. माझी बायको आणि ती एकाच तारखेच्या. बायको गेली, पण पाच डिसेंबरला चॉकलेट मी आणतोच. ते आता चित्स्केला देतो. दुसऱ्या कुणाला आठवणार? त्या संध्याकाळी सगळं गाव संत निकोलासच्या भेटवस्तू उघडत बसलेलं असतं."

दिदेरिक रोडझांट त्याच्या कचेरीत भेटला. घड्याळ बघतच तो बोलायला बसला.

"यात शोधायचं काय आहे? कागद बोलतोय. फोटोवालं पिवळं कार्ड घरी ठेवायचं, खिशात निळं टाकायचं आणि यायचं. आपण पकडले जाणार नाही असं वाटलं असेल तिला."

"आणि तुम्ही?"

"घरी होतो, टीव्हीवर स्केटिंग बघत. आणि ट्राममध्ये मी दहा वर्षांत पाय ठेवलेला नाही."

बाहेर आल्यावर वोबे कुरकुरला, "किल्ली तिघांकडे, पुरावा एकालाही सोडवणारा नाही. त्या चुकीच्या तारखेचं काय करायचं?"

"त्या तारखेवर तर सगळं उभं आहे," रेन्स्के म्हणाली. "उद्याची सुनावणी रोडझांटबाईंच्या घरी ठेवायला लाव."

दुसऱ्या दिवशी सगळे रोडझांटबाईंच्या बैठकीच्या खोलीत जमले. सेवासंस्थेच्या प्रमुख तेर्विंटबाई मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. चित्स्के दाराजवळच्या खुर्चीत होती. तिला कुणी कॉफी विचारली नव्हती.

"दुसरं कार्ड चित्स्केने काढलं नाही," रेन्स्केने सुरुवात केली. "ज्याने काढलं त्याला वाटत होतं की तिचा जन्म आठ डिसेंबरचा आहे. असं कुणाला वाटेल? पाच डिसेंबरला केक खायला कुणाला सवड नसते, म्हणून ती दरवर्षी तीन दिवस उशिरा केक नेते. खरं ना, चित्स्के?"

"लहानपणापासून," चित्स्के पुटपुटली.

"बाईंनी केकचा दिवस तोच जन्मदिवस समजून लिहिला. आतल्या दिनदर्शिकेत आठ तारखेपुढे आहे: चित्स्के, १९७९. कार्डावर नेमकी तीच चूक आहे. म्हणजे चोराने तारीख त्या दारावरून उचलली, आठ डिसेंबर ते चार जानेवारी या दिवसांत."

"बाकेलारही येतात की वर," दिदेरिक म्हणाला.

"बाकेलारांना खरी तारीख ठाऊक आहे. ती त्यांच्या बायकोचीही. ते पाच लिहितील, आठ कधीच नाही. तुम्ही मात्र नव्या वर्षाला आलात. वाडगा चित्स्केला जाणार हे ऐकलंत. तीन दिवसांनी कार्ड नावावर झालं."

"हे सगळे तर्क आहेत."

"कार्ड निळं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दिदेरिकने घड्याळावरची नजर काढली. "ते... कागदावर होतं."

"कागद इथे आहे. वाचा. रंगाचा शब्द दाखवा." तिने कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. "बाईंनी ते कार्ड पाहिलेलं नाही, पोलिसांनी नाही, चित्स्केनेही नाही. कुणालाच ते सापडलेलं नाही. दहा वर्षं ट्राममध्ये न चढलेल्या माणसाला त्याचा रंग माहीत आहे. वाडगाही मिळवायचा आणि तो जिला मिळणार तिला घराबाहेरही काढायचं. एका कार्डात दोन्ही कामं!"

"तो आमच्या घराण्याचा वाडगा आहे!" दिदेरिक ओरडला. "मोलकरणीला द्यायचा? आत्या, तुला काही लाज?"

रोडझांटबाई म्हणाल्या, "दिदेरिक, तो घेऊन ये. तू येईपर्यंत पोलिसांना मीच बोलावते."

तेर्विंटबाईंनी कागद गोळा केले. "छान झालं. गैरसमज मिटला. चित्स्के, उद्यापासून नेहमीसारखी कामावर ये."

"गैरसमज?" रेन्स्के उसळली. "तुम्ही एकदा तरी तिला विचारलंत?"

"नोंद इतकी स्पष्ट होती की..."

"मला बोलू द्या," चित्स्के उठली. "कामावर मी येईन. पण माझ्यावर आळ घेतलात ती चूक होती, असं लिहून द्या. ज्यांच्या ज्यांच्या घरी मी जाते त्या सगळ्यांना. उद्या सकाळच्या आत."

तेर्विंटबाईंनी मान डोलावली.

"चित्स्के," रोडझांटबाईंनी हात पुढे केला, "माझं चुकलं गं. वाडगा तुझाच. आणि उद्या पायांचे घट्ट मोजे चढवायला तूच ये. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही."

चित्स्केने तो हात धरला नाही.

"बाई, त्या रविवारनंतर सोमवारी मी आले होते. तुमचे मोजे चढवले, केस विंचरले. तेव्हा वाडगा गेलेला तुम्हाला ठाऊक होतं. तासभर मी तुमच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते आणि तुम्ही मला हवापाण्याबद्दल विचारलंत."

"मला वाटलं, पोलीस..."

"मी खरं तेच सांगितलं असतं." तिने कोट घातला. "वाडगा मला नको. मोज्यांसाठी संस्था दुसरी कुणी पाठवेल. सुरुवात टाचेपासून करायला सांगा, नाहीतर दुखतं तुम्हाला."

ती जिना उतरून गेली. रोडझांटबाई बराच वेळ दाराकडे बघत होत्या. शेवटी वोबेने उठून ते लावलं.